हद्दीबाहेरचं घर: कोल्हापूरच्या वेशीवर राहायला जाताना

कोल्हापुरात प्लॉटचा भाव चौरस फुटावर सांगतात. हद्द ओलांडली की बहुतेक ठिकाणी तो गुंठ्यावर येतो. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, शिंगणापूर, वडणगे, शिये, शिरोली ही कागदावर गावं आहेत. राहणीमानानं त्यातली निम्मी शहरच झाली आहेत, पण नळ, गटार आणि रस्ता यांची जबाबदारी महापालिकेकडे नाही. शहराच्या भावात आणि इथल्या भावात जो फरक दिसतो तो नफा समजू नका. टाकी, शोषखड्डा, बोअर आणि रस्त्याचा मुरूम यात त्यातला मोठा भाग परत जातो. किती जाणार हे आधी कळावं म्हणून हा खटाटोप.

एक सूचना सगळ्यात आधी. जागा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बघा. मे महिन्यात प्रत्येक प्लॉट चांगला दिसतो.

गाव निवडताना: पाण्याचे फूट

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. हे आकडे पावसाळ्यात इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात, पण नवख्यानं वेगळा प्रश्न विचारायचा असतो: किती फुटाला माझा रस्ता जातो, आणि किती फुटाला माझं जोतं?

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असतात. प्लॉट उंचावर असून वाट बुडणारी असेल तर पुरात तुम्ही कोरडे राहता, पण अडकून पडता. कसबा बावड्याहून वडणग्याकडे बंधाऱ्यावरून जाणारी जवळची वाट पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाण्याखाली जाते. मोठ्या पुरात गगनबावडा रस्ता बालिंग्याजवळ बंद होतो, रत्नागिरी रस्ता केर्लीच्या बाजूला. म्हणून गावातल्या साठीच्या पुढच्या दोन-तीन माणसांना भेटा. दुकानदार, दूध संस्थेचा सचिव, पोलिस पाटील, कुणीही चालेल. त्यांना '८९, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. एजंट सांगेल, "इथं कधी पाणी येत नाही." पाण्याचा डाग मात्र शेजारच्या घराच्या गिलाव्यावर दिसतो.

कागदावरची खूण म्हणजे पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचा विचार सोडा. निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळू शकते, पण जोतं किती उंच घ्यायचं हे तिथं तुम्ही नाही, नियम ठरवतो. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही संगमालगतची गावं तर पुराच्या वेळी बेटंच होतात. त्यांच्यासाठी सोनतळीला पुनर्वसनाच्या जागा दिल्या गेल्या, एवढ्यावरून तिथल्या पाण्याची कल्पना यावी.

पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, कंदलगाव, गोकुळ शिरगाव हा दक्षिणेचा भाग माळावर आहे, नदीचं पाणी तिथं येत नाही. पण २०१९ ला शहराची उपसा केंद्रं बुडाली तेव्हा कोरड्या भागातही नळ बंद होते. माळावरच्या माणसालाही पुराचे आठ दिवस मोजून ठेवावेच लागतात: पिण्याचं पाणी, गॅसची भरलेली टाकी, औषधं, गाडीत पेट्रोल. राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत आणि पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की ते आपोआप उघडतात. दरवाजे उघडल्याची बातमी आली की किराणा त्याच दिवशी भरायचा, दुसऱ्या दिवशी दुकानात रांग असते.

उजळाईवाडी, मुडशिंगी, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात पूर नाही, पण विमानतळ आहे. तिथं इमारतीच्या उंचीवर बंधन येतं. दुसरा मजला पुढे चढवू असा बेत असेल तर उंचीचं ना-हरकत आधी तपासा. विमानतळाच्या विस्तारासाठी संपादन कुठल्या गटांवर आहे हेही तलाठ्याकडे विचारून घ्या.

कागद: सगळ्यात मोठी फसगत इथंच

"दादा, एनए होणारच आहे," हे वाक्य ऐकलं की खिशातला हात बाहेर काढून घ्यायचा. आजच्या तारखेला जमीन एनए, म्हणजे बिनशेती, आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

सुरुवात डिजिटल सहीच्या सातबाऱ्यापासून करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्यानं दिलेली झेरॉक्स वाचू नका, स्वतः काढा. त्यात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर मालक विकू शकतो. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. करवीर तालुक्यात देवस्थान इनामाच्या जमिनी भरपूर आहेत. तिथं वहिवाटदार पिढ्यान् पिढ्या ऊस पिकवत असला तरी मालक देव असतो. स्वस्त मिळणाऱ्या प्लॉटचं रहस्य बऱ्याचदा हेच निघतं.

दुसरी, 'इतर हक्क' हा रकाना. विकास सेवा सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, पुनर्वसनासाठी हस्तांतरणाला बंदी, तुकड्याचा शेरा, हे सगळं तिथं बारीक अक्षरात असतं. बोजा असणं वाईट नाही, फेडता येतो. बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल तर मात्र वीस वर्षांनी भाचे दारात उभे राहतात.

तिसरी, फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी. सातबाऱ्यावर खाली फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकाचा उतारा काढून मालकी आजोबांपासून आजपर्यंत कशी आली ते जुळवा. मध्ये कडी तुटली की वकिलाला विचारा. शोध अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, तीस वर्षांचा घ्यायचा.

चौथी, क्षेत्र. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ बाय ३३. सातबाऱ्यावर आर असतो आणि तोंडी व्यवहार गुंठ्यात होतो. १ आर १०७६ चौरस फुटांचा भरतो, म्हणजे दर गुंठ्यामागे १३ चौरस फुटांचा फरक. पाच गुंठ्यांत तो साठ-पासष्ट चौरस फुटांवर जातो.

यानंतर लेआउट. मंजूर नकाशा मागा, त्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख हवी. जागा ४००० चौरस मीटर किंवा मोठी असेल तर १० टक्के खुली जागा सोडलेली असते. नकाशात ती कुठं आहे ते जागेवर जाऊन बघा. बऱ्याच कॉलन्यांत ती नकाशावर बाग असते आणि जागेवर कुणाची तरी शेड.

आता कोल्हापूरच्या कडेला नवख्याला कुणी न सांगणारी गोष्ट: कमी-जास्त पत्रक, बोलण्यात 'कजाप'. बिनशेती आदेश झाला, नकाशा मंजूर झाला, तरी भूमी अभिलेख कार्यालयानं कजाप करून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा होईपर्यंत तुमचा प्लॉट कागदावर सामाईकच राहतो. तुमचं नाव वीस जणांच्या यादीत एका ओळीत, क्षेत्रासह. कर्ज काढताना, विकताना, शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद झाला तर सगळं तिथंच अडतं. "कजाप झालंय का?" हा प्रश्न विचारल्यावर विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शेतजमिनीतला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेण्याचा मोह सोडा. तुकडेबंदीचा, म्हणजे किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करणारा, कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये जिरायतीसाठी किमान २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाण ठरलं. २०२५ मध्ये गावठाणालगतच्या आणि विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रातल्या जुन्या तुकड्यांबाबत सवलतीचे निर्णय झाले, पण तुमचा गट त्यात बसतो का हे लेखी पाहिल्याशिवाय गृहीत धरू नका. शिवाय जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेताच येत नाही. दहा जणांनी मिळून दहा गुंठे घेऊन आपसात नोटरी करून वाटून घेण्याची पद्धत सर्रास चालते. नोटरीनं मालकी मिळत नाही. पाचशेच्या स्टँपवरच्या साठेखतानं आणि वटमुखत्यारपत्रानंही मिळत नाही. मालकी खरेदीखतानं, दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावरच मिळते.

गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट, नियमित करायचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा फायदा झाला. आज नव्यानं गुंठेवारीत घेऊन 'पुढे नियमित होईल' असं म्हणणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीवर पैसे लावणं.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव असणं आणि मालक असणं या दोन वेगळ्या गोष्टी. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद. घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांनीही मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातलं जुनं घर घेत असाल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, झालंय का ते बघा.

पैसे द्यायच्या आधी मोजणी. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे ऑनलाइन अर्ज जातो, नियमित किंवा द्रुतगती. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा आणि 'क' प्रत मिळते. साखळी धरणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या मोजणीला किंमत नाही. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी हजर राहतील असं बघा, बांधावरची भांडणं तिथंच कळतात.

एक फुकटातली युक्ती: कर्जाची गरज नसली तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कागद घेऊन कर्जाची चौकशी करा. बँकेचा वकील ज्या जागेला नाही म्हणतो, त्या जागेला तुम्हीही नाही म्हणा.

बांधकाम परवाना कुणाकडे

महापालिका १९७२ ला झाली आणि नंतर दशकानुदशके हद्द वाढली नाही. हद्दवाढीला आसपासच्या गावांचा विरोध आहे. त्यावर तोडगा म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्यात करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतली ४२ गावं आहेत. तुमचं गाव त्या ४२ मध्ये असेल तर परवाना प्राधिकरणाकडून घ्यायचा. सरपंचानं दिलेला दाखला म्हणजे परवाना, अशी समजूत अजून आहे. त्या समजुतीवर बांधलेल्या घराला भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते नसलं की कर्जाचा शेवटचा हप्ता अडतो.

परवाना मागण्याआधी झोन दाखला काढा. रहिवासी विभाग आहे की शेती विभाग, गटातून प्रस्तावित रस्ता जातो का, हे त्यात कळतं. एकात्मिक विकास नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. लहान प्लॉटसाठी, १५० चौरस मीटरपर्यंत, प्रक्रिया बरीच सोपी आहे. मोठ्या घराला नकाशा, आर्किटेक्ट आणि वेळ, तिन्ही लागतं.

'हद्दवाढ होणार, भाव दुप्पट होणार' यावर एकही रुपया लावू नका. ही चर्चा इथं पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

पाणी

गावच्या नळयोजनेचं गणित आधी समजून घ्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात, शहरी योजनेत १३५. शिवाय योजना आखताना गावची जी लोकसंख्या धरलेली असते त्यात नंतर उभ्या राहिलेल्या कॉलन्या नसतात. म्हणून गावठाणात पाणी जोरात येतं आणि तुमच्या कॉलनीच्या टोकाला धार अंगठ्याएवढी. गांधीनगरसह तेरा गावांची प्रादेशिक योजना असो की एकेका गावची, टोकाच्या घराची तक्रार सारखीच. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन शहरासाठी आहे, ती शेजारून गेली म्हणून तुमच्या नळाला पाणी वाढत नाही.

पाणी किती दिवसाआड आणि किती मिनिटं येतं ते शेजारणीला विचारा. ग्रामपंचायतीत विचारलं तर वेळापत्रक कळेल, शेजारणीला विचारलं तर खरं कळेल.

हिशोब असा. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज पावणेसातशे. पाणी एक दिवसाआड आणि मोटार बिघडल्याचा एक दिवस धरला तरी दोन हजार लिटर हाताशी हवेत. पण जमिनीखालची टाकी बांधताना २००० ची बांधू नका, ५००० ची बांधा. कारण साधं आहे: टँकर साधारण ५००० लिटरचा येतो आणि तुमच्या टाकीत अर्धाच बसला तरी पैसे पूर्ण टँकरचे जातात. आतून ७ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ५ फूट पाण्याची खोली म्हणजे ५००० लिटर. वर अर्धा फूट मोकळा सोडा. झाकण २ बाय २ फुटांचं, आणि त्याची मान अंगणापासून किमान सहा इंच वर. मान नसेल तर पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी टाकीत उतरतं. टाकी शौचालयाच्या टाकीपासून लांब, आणि उताराच्या वरच्या बाजूला.

नळाच्या लाइनला थेट मोटार लावू नका. नियमात बसत नाही हा एक भाग झाला. दुसरा असा की मोटार ओढायला लागली की पाइपमध्ये उलटा दाब तयार होतो आणि जिथं सांधा गळतो तिथून गटाराचं पाणी आत येतं. पावसाळ्यात एकाच गल्लीत सगळ्यांना जुलाब होतात त्यामागे हे कारण असू शकतं.

बोअर मारताना शेजाऱ्यांच्या बोअरची खोली विचारा. इथं खाली काळा बसाल्ट आहे. पाणी खडकाच्या भेगेत लागतं, सलग नसतं, म्हणून शेजाऱ्याला दोनशे फुटांवर लागलं तर तुम्हाला लागेलच असं नाही. पाणी लागलं तरी बहुधा जड असतं: डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. बोअर वापरण्याला आणि नळ पिण्याला, अशा दोन वेगळ्या टाक्या गच्चीवर ठेवा. दोन्ही लाइन्स एकाच ठिकाणी जोडू नका.

पावसाचं पाणी वाया घालवणं कोल्हापुरात पापच म्हणायला हवं. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा सोडून दिला तरी सत्तर हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. चार इंची पाइपनं ते खाली आणा, पहिल्या दोन-तीन पावसांचं बाहेर सोडा, नंतरचं वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरच्या पुनर्भरणाला द्या. बांधकामातच पाइप काढून ठेवले तर खर्च किरकोळ, नंतर फरशी फोडून करायचं तर कुणीच करत नाही.

सांडपाणी: ज्याचा विचार शेवटी होतो

बहुतेक कॉलन्यांत भुयारी गटार नाही. घरच्या मैल्याची सोय घरानंच करायची. मिस्त्री विचारतो, "खड्डा काढू का?" आणि तळ नसलेला एक खड्डा काढून देतो. त्यात मैला थेट जमिनीत मुरतो आणि शेजारच्या बोअरमध्ये उतरतो.

सेप्टिक टाकी म्हणजे बंद तळाची, दोन कप्प्यांची. सहा-आठ माणसांना आतून ७ फूट लांब, ३ फूट रुंद, पाण्याची खोली ४ फूट, वर एक फूट हवा. पहिला कप्पा दोन-तृतीयांश, दुसरा एक-तृतीयांश, मधल्या भिंतीला पाण्याच्या मध्यावर भोकं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना 'टी' लावा, म्हणजे वरचा साय बाहेर जात नाही. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली. हवेचा पाइप गच्चीच्या वर, तोंडाला जाळी. जाळी नसेल तर डास तिथंच वाढतात.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचं पाणी या टाकीत सोडू नका. पाणी जास्त झालं की मैल्याला खाली बसायला वेळ मिळत नाही, घाण तशीच शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा दोन वर्षांत बुजतो. साबणाच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा, पुढे केळी-नारळ लावले तर उत्तम. शौचालयात दर आठवड्याला ॲसिड ओतणाऱ्या घरांत टाकी लवकर भरते, कारण मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

शोषखड्डा बोअरपासून ५० ते ६० फूट लांब हवा. आता अडचण बघा: एका गुंठ्याचा प्लॉट ३३ फुटांचा. तुमच्या बोअरपासून लांब नेलेला खड्डा शेजाऱ्याच्या बोअरजवळ जातो. म्हणून शेजाऱ्यांशी आधी बोला, पुढच्या बाजूला सगळ्यांचे बोअर आणि मागे सगळ्यांचे खड्डे असं ठरवून घेतलेल्या गल्ल्या सुखी आहेत.

माती दुसरी अडचण. माळावरच्या मुरमात पाणी सहज मुरतं. नदीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात शोषखड्डा वर येतो. तिथं खड्डा खोल करून उपयोग नाही, लांब चर काढून त्यात खडी भरावी लागते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, म्हणून झाकण फरशीखाली गाडू नका. उपसणाऱ्या गाडीची नळी पोहोचेल अशा जागी टाकी ठेवा.

जोतं आणि रस्ता

काळ्या मातीवर पाया घेताना मुरूम लागेपर्यंत खाली जा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याबरोबर भिंतही तडकते. खोदलेली काळी माती जोत्यात भरू नका, बाहेर काढा आणि मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून धुमसून. घराभोवती तीन फुटांचा बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घाला, पायाशी पाणी थांबत नाही.

जोतं रस्त्यापेक्षा किमान दीड-दोन फूट वर. रस्ता आज मातीचा आहे. उद्या त्यावर मुरूम पडेल, मग खडी, मग एखाद्या निवडणुकीच्या आधी काँक्रीट. प्रत्येक वेळी तो सहा-आठ इंच उंच होतो. वीस वर्षांपूर्वीच्या कॉलन्यांत रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरून घरात जावं लागतं, ते याच कारणानं.

वाळू, विटा, सळई जूनच्या आत आणून टाका. मृगाचा पाऊस झाला की काळ्या मातीतल्या रस्त्यात डंपर रुततो आणि तो काढायला आलेला जेसीबीही.

वीज

मळ्यातलं घर असेल तर एकच प्रश्न: फीडर, म्हणजे वीज आणणारी मुख्य लाइन, गावठाणचा की शेतीचा? शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते, आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की घरातला फ्रिज गुरगुरतो. जवळचा खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजा. एखादा खांब जास्त लागला तर महावितरणचा अंदाजपत्रकाचा खर्च येतो. बांधकामासाठी तात्पुरता जोड वेगळा घ्या, शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढू नका.

गच्ची मोकळी असेल तर सौर पॅनेल बसवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात. वीज गेली की साधं ग्रिडचं सौर बंद पडतं हे मात्र लक्षात ठेवा. वादळात दिवे हवे असतील तर इन्व्हर्टर वेगळा.

उसाच्या शेजारी

गाळप हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, संध्याकाळनंतर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. दुचाकीनं मागून जाताना अंतर ठेवा. पाचट पेटलं की काळी राख दोरीवरच्या कपड्यांवर येते, त्या दिवसांत कपडे आत वाळवा. गुऱ्हाळाजवळ घर घ्यायचं तर आधी एकदा जानेवारीत तिथं उभं राहून बघा. गुळाचा वास पहिल्या दिवशी छान वाटतो.

नाग, घोणस, मण्यार, फुरसे, चारही इथं आहेत. उंदीर असले की साप येतो, म्हणून लाकडं आणि विटांचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका. दाराखालची फट बुजवा, रात्री बॅटरी. चावलाच तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन किंवा थेट शहरातलं सीपीआर रुग्णालय. उसाच्या कडेला गवा दिसला तर मोबाइल काढून गर्दी करू नका. बिथरला की तो धावतो, आणि माणसं मरतात ती गर्दीतच.

गावात नाव लागण्यासाठी

खरेदीनंतर फेरफाराची नोंद आपोआप सुरू होते, तरी पंधरा दिवसांची नोटिशीची मुदत संपल्यावर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, नोंद प्रमाणित झाली का ते बघा. घर पूर्ण झालं की ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद, नळजोडणी अर्ज, मग मतदार यादीत पत्ता. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस तुमच्या गावाला येते का, शेवटची किती वाजता, हे मुलांच्या शाळेआधी बघा.

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. कॉलनीतली माणसं तिथं जात नाहीत आणि मग दिवाबत्ती गावठाणालाच का, असं वर्षभर बोलत राहतात. दहा घरांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, सभेच्या इतिवृत्तात विषय आला का ते पुढच्या सभेत विचारावं. पहिलं वर्षभर कुठल्याही गटाच्या बैठकीला बसू नका, पण गावच्या यात्रेची वर्गणी न मागता द्या आणि म्हाईच्या जेवणाला बोलावलं तर जा. टँकर कुणाचा स्वस्त, गवंडी कोण चांगला, बोअर कुणाची आटली, हे सगळं त्या पंगतीत कळतं.